पाच पेपरांची मोळी

२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार. मार्गशीर्ष शु. ६, चंपाषष्ठी

वांग्याचं भरीत आणि भाची, आज दोन्हींचं घरात आगमन. भरीत दुपारीच संपलं. भाची जानेवारीअखेरपर्यंत राहणार आहे.

निकिताने पुण्यातली कंपनी सोडली, म्हणून माझी बहीण तिच्याशी बोलत नाही, म्हणून ती दोन बॅगा आणि डझनभर वायरी घेऊन कोपरगावला मामाकडे आली. माझ्या बायकोने, आरतीने, माझ्या टेबलावरचे सव्वीस वर्षांचे कागद पलंगाखाली सरकवले आणि टेबल तिला देऊन टाकलं. मला विचारलं नाही. दैनिकाने सप्टेंबरात तालुक्याचं पान बंद केलं, तेव्हापासून मी ज्येष्ठ वार्ताहर आहे. ज्येष्ठाला टेबल लागत नाही. रोज लिहायची सवय तेवढी जाईना, म्हणून ही वही. हिला संपादक नाही, वाचक नाही. फारसा फरक जाणवत नाही.

जेवताना मुलाखत घेतली. “तू करतेस काय नेमकं?”

“मामा, मजकुरात शोध घेणारी एक लायब्ररी आहे.”

“कोणत्या गावी?”

“गावी नाही रे. तयार कोड असतो. ज्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये शोधायची सोय हवी, त्याने तो जोडून घ्यायचा. सगळ्यांना खुला. कुणीही वाचा, वापरा, सुधारा.”

“आणि मानधन?”

“बहुतेकांना नाही. मला सहा महिने शिष्यवृत्ती आहे.”

“म्हणजे तालुका वार्ताहरच की.”

तिचं काम असं: एकच मजकूर थोडा फिरवून दहा ठिकाणी छापलेला असला की शोधणाऱ्यापुढे दहा निकाल येतात. त्याला वाटतं, दहा जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं. ते एकाच मुळाचे आहेत हे ओळखून एकत्र बांधायचे आणि एकच म्हणून दाखवायचे. ओळखायचे कसे? मजकुराचे पाच-पाच शब्दांचे तुकडे करायचे. पहिला ते पाचवा, मग दुसरा ते सहावा, मग तिसरा ते सातवा.

मी ताक खाली ठेवलं. हा तर आमचा क्रमपाठ! पाठशाळेत गुरुजी असंच घोकून घेत: पहिलं पद दुसऱ्यासह, दुसरं तिसऱ्यासह, म्हणजे एकही पद जागचं हलू नये. “आपल्याकडे हे फार पूर्वीच...”

“मामा, पुढचं व्हॉट्सॲपवर पाठव,” निकिता म्हणाली आणि ताट उचललं.

१ डिसेंबर, सोमवार. मार्गशीर्ष शु. ११

या सोयीला मराठी नाव हवं होतं. मी ‘सजातीयसमुच्चय’ सुचवलं. तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. तेवढ्यात खालून उसाचा ट्रॅक्टर गेला, घराच्या खिडक्या थरथरल्या, आणि मी म्हणालो, “मग मोळी म्हण.” ऊसतोडवाले दहा-बारा ऊस एकत्र बांधतात ती मोळी. तिला आवडलं. आता जगभरचे लोक मोळी म्हणतील. संस्कृताचा पराभव झाला, पण घरातल्या घरात.

मलाही काम मिळालं. तालुका वाचनालयाने जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत, त्यातल्या सहाशे जोड्या तिने काढल्या आहेत. शेजारी शेजारी दोन बातम्या दिसतात. मी वाचायच्या आणि एक बटण दाबायचं, ‘एकाच मुळाचे’ किंवा ‘वेगळे’. माणसाने दिलेल्या या उत्तरांवरून यंत्र शिकणार, किती सारखेपणा म्हणजे नक्कल. जानेवारीच्या शेवटी लायब्ररीची नवी आवृत्ती निघते. तोपर्यंत मोळी नीट बांधली गेली नाही, तर पुढच्या वर्षावर.

“तुझ्याइतका या पेपरांचा जाणकार दुसरा कोण आहे?” असं म्हणाली. स्तुतीने माणूस बैलासारखा जुंपला जातो.

४ डिसेंबर, गुरुवार. पौर्णिमा, दत्तजयंती

एकशेदहा जोड्या झाल्या. मजा येते आहे. जुने मित्र भेटल्यासारखं वाटतं, आणि भेटतायत ते त्याच सदऱ्यात.

निकिताला कारण सांगावं लागलं. पाच दैनिकांचे आम्ही तालुक्यात पाच वार्ताहर होतो. रोज पाचांनी पाच गाड्या उडवणं कुणालाच झेपत नसे, म्हणून पाळी लावलेली. ज्याची पाळी त्याने जागेवर जायचं, बातमी लिहायची आणि बाकी चौघांना पाठवायची. चौघांनी दोन वाक्यं खालीवर करायची, ‘असे समजते’च्या जागी ‘असे कळते’ घालायचं, झालं. वाचक पाच पेपर चाळून म्हणायचा, सगळीकडे आलंय म्हणजे खरंच असणार.

“आणि ज्याची पाळी तोच गेला नाही तर?” तिने विचारलं.

“जायचाच,” मी म्हणालो.

संध्याकाळी पुंजारामकडे चहा. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्यातली एक खुर्ची म्हणजे माझं कार्यालय, आणि दुकानाला लागून पुंजारामची टपरी. अकरा वर्षं झाली. माणूस पाथर्डीच्या पलीकडचा, बोरवाडीचा. ओठाला विडी नाही, तंबाखू नाही. मी दिसलो की मागायच्या आधी चहा पुढे करतो.

“सायेब, पौषातल्या अवसेला टपरी बंद ऱ्हाईल. आत्ताच सांगून ठिवतो.”

“अरे, दीड महिना आहे अजून.”

“दरसालचं हाय. पर तुमास्नी सवय हाय च्याची, म्हून.”

मी पंचांग न बघता सांगितलं, अठरा जानेवारी, रविवार. त्याने किटली खाली ठेवली. “तुमास्नी तिथी लई बराबर म्हाईत असत्यात,” म्हणाला.

विद्येचं चीज टपरीवर तरी होतं.

१५ डिसेंबर, सोमवार. मार्गशीर्ष व. ११

जोडी क्रमांक २१२.

डावीकडे आमचं दैनिक, उजवीकडे आम्हा पाचांतल्या सुनीलचं. तारीख २४ जानेवारी २०१२. ‘रस्ता शुभ्र चांदण्यात न्हाऊन निघालेला असतानाही मद्यधुंद चालकास वळण दिसले नाही. उसाने भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या उलटून भीमा अजिनाथ गर्जे (वय ३२) ही ऊसतोड कामगार महिला जागीच ठार झाली. चालक पुंजाराम गर्जे यास ताब्यात घेण्यात आले.’ उजवीकडेही चांदणं, तेवढंच शुभ्र. फक्त ‘ठार झाली’ऐवजी ‘मृत्युमुखी पडली’. सुनील नेहमीच माझ्यापेक्षा हळवा.

इथे संपादक नाही, तर लिहूनच टाकतो. ती बातमी माझी. दोन दिवस आधीचा रविवार होता आणि पाळी माझी होती. अपघात संध्याकाळी साडेसातचा. मी गेलो नाही. एका कारखान्याच्या प्रसिद्धी विभागातून फोन आला की ड्रायव्हर पिलेला होता, घ्या लिहून. घेतली. वाचून पाहिली तर कोरडी वाटली, म्हणून चांदणं घातलं. चौघांना पाठवली.

पुंजारामच्या रक्तात दारूचा थेंब सापडला नव्हता. ट्रॉल्यांना मागे दिवे नव्हते, रस्त्याची कड तुटलेली होती. कोर्टाने २०१७ साली त्याला सोडलं. ते मी छापलं, सहाव्या पानावर, तीन ओळी. पण भीमा त्याच्या चुलतभावाची, अजिनाथची बायको. गावाने त्याला पुन्हा येऊ दिलं नाही. चौदा वर्षं होत आली. आई चांगुणाबाई तिकडे, हा इकडे. तिच्याशी फोनवर बोलतो, पण तिला कमी ऐकू येतं, म्हणून त्याचं बोलणं अख्ख्या स्टँडला कळतं.

टपरी शेजारी आली आणि त्याने नाव सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं होतं. बोललो नाही. बातमीवर नाव नव्हतं, नुसतं ‘वार्ताहर’. त्याला कुठून कळणार?

पाच पेपरांच्या दहा जोड्या होतात. गणित कच्चं असल्यामुळे बोटांवर मोजल्या. दहाही वेळा ‘वेगळे’ दाबलं. बटणाला काय, ते दाबलं जातं.

२० डिसेंबर, शनिवार. मार्गशीर्ष अमावास्या

निकिता तीन दिवस जेवताना बोलत नाही. तिच्या पडद्यावर तांबड्या ओळी. चाचणी नापास होते आहे. ज्या बातम्या एकत्र बांधल्या जायला हव्यात, त्या सुटतायत. मोळी बांधायचा वेठच तुटतो.

“नव्वद टक्के शब्द तेच, आणि माणूस सांगतोय वेगळे. मग यंत्राने कुणाचं ऐकायचं?” ती म्हणाली.

“माणसाचं,” मी म्हणालो.

“तेच तर ऐकतंय ते. म्हणून सारखेपणाचा उंबरठा इतका वर नेऊन ठेवलाय की खरी नक्कलसुद्धा आत येईना.”

तिने पूर्ण कोड पुन्हा तपासायला घेतला आहे. चार हजार ओळी. मी म्हटलं, चूक नक्की कोडातच असेल. आरतीने माझ्याकडे बघितलं. ती उगाच बघते.

३० डिसेंबर, मंगळवार. पौष शु. ११ (स्मार्त)

घराबाहेर पडावं तर समोर टपरी, घरात राहावं तर समोर तांबड्या ओळी. गेला आठवडा मी बहुतेक जिन्यात काढला. शेजारच्यांना वाटतं गुडघ्यांचा व्यायाम करतो.

आज पुंजारामने गाठलंच. चहा बाजूला ठेवला आणि समोर उकिडवा बसला.

“सायेब, तुमची भाची पेपर तपासायचं मशिन बनवती म्हनं.”

“कुणी सांगितलं?”

“तीच आल्ती च्या प्यायला. दोनदा. लई चांगली पोरगी हाय. इचारत हुती मला, कुठले, कंदी आले.” मग म्हणाला, “आय पडली. खुबा मोडलाय. आता उठत न्हाई ती.”

“मग जा की रे.”

“कसा जाऊ? अजिनाथ येशीवर उभा ऱ्हातो. कोर्टाचा कागद दावला हुता त्येला, भिंगारच्या वकिलाकडून लॅमिनेशन करून. काय म्हनला, सांगू? कोर्टाचा कागद एक हाय, पेपर पाच हायेत. पाच मानसं खोटं कशाला बोलत्याल?”

चहा गार झाला. त्याने तो ओतून दुसरा दिला.

निकिता त्याच्याकडे दोनदा गेली, हे मला माहीत नव्हतं. घरात चहा असताना मुलं बाहेरचा का पितात कळत नाही.

३ जानेवारी २०२६, शनिवार. पौष पौर्णिमा

दिवेलागणीला गोदावरीच्या पुलापर्यंत चालत गेलो. चंद्र नुकताच वर आला होता. उसाची पाती, डांबर, पुलाचा कठडा, सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. या उजेडात माणसाला वळण काय, वळणावरची मुंगी दिसेल. आपलं वाक्य आठवलं. वाक्य म्हणून वाईट नव्हतं.

मागून ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही. मी इतका बाजूला सरकलो की पाण्याच्या चारीत पाय गेला.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी

सुनीलला फोन केला. तो आता श्रीरामपूरला असतो, मुलाचं मोबाईलचं दुकान सांभाळतो. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणाला तरी रिचार्ज करून देण्याचा आवाज.

“मुळ्या, तुझं वय काय?”

“त्रेपन्न.”

“मग आता कशाला उकरतोस? आपण सगळेच तसं करायचो. मी तर उद्घाटनाची बातमी आदल्या दिवशी पाठवायचो. पाहुणा मेला तरी त्याने फीत कापलेली असायची.”

“ते उद्घाटन होतं, सुनील.”

“हां.” पुन्हा रिचार्ज. “माझं नाव घेऊ नको फक्त. सुनेला ठाऊक नाही मी पत्रकार होतो ते.”

संध्याकाळी निकिताने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. “मामा, नमुन्यादाखल थोड्या जोड्या पुन्हा तपासून दे. यंत्राने आपोआप निवडल्यात. कुठल्याही.”

दहा होत्या. दहाच्या दहा त्याच. यदृच्छा म्हणतात ती हीच असावी.

जोडीखाली नवीन चौकट दिसली: ‘तपासणाऱ्याचे नाव’. “हे कधीपासून?” मी विचारलं.

“आजपासून. जो सांगतो, त्याचं नाव असलं तर बरं. हो ना?”

“घाई आहे का?”

“मला एकतीसपर्यंत वेळ आहे,” ती म्हणाली. मग पुन्हा, “मला.”

१० जानेवारी

बटण दाबलं नाही. टपरीवर गेलो नाही. झेरॉक्सवाला मागच्या दाराने आत घेतो. आज तिथेही चहा आला. पुंजारामने पाठवला होता, वर बशी झाकून. पाठवलेला चहा परत कसा करतात, हे कुठल्याच शास्त्रात शिकवलेलं नाही. प्यायलो.

त्या चहाला चव नव्हती असं लिहिलं तर ते दुसरं चांदणं होईल. चहा उत्तम होता.

तिथी पाहिली नाही.

१४ जानेवारी, बुधवार. पौष व. ११, संक्रांत

सकाळी आरतीने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, “अहो, त्या चहावाल्याला चार देऊन या. तुम्हीच जा.” सव्वीस वर्षं बातम्या मी गोळा केल्या, आणि घरात सगळ्यात उशिरा त्या मलाच कळतात असा संशय येतो आहे.

आधी टेबलाशी बसलो. दहा वेळा ‘एकाच मुळाचे’. दहा वेळा खालच्या चौकटीत नाव. एकदा ‘मुळे’चं ‘मुले’ झालं, दुरुस्त केलं.

निकिताने चाचणी लावली. ओळी हिरव्या होत गेल्या, एकामागून एक, पाऊण मिनिट.

“सापडली का चूक? काय होतं?” मी विचारलं.

“कुणास ठाऊक, मामा. कधी कधी आपोआप नीट होतं.”

हे शास्त्र अजून बाल्यावस्थेत दिसतं.

“योगदान देणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव घालू?”

“नको नको.”

“बरं. ही पाच पेपरांची मोळी छापून देते. मोठ्या अक्षरात.”

“कशाला?”

“लागेल तुला.”

एका पानावर पाच बातम्या उभ्या शेजारी शेजारी, सारखे शब्द सारख्या पिवळ्या रंगात. पान जवळजवळ सगळंच पिवळं. वर लिहिलेलं: ‘मूळ १, नकला ४’. ते घडी घालून खिशात ठेवलं आणि टपरीवर गेलो. तिळगूळ दिला. तोंड उघडलं. सव्वीस वर्षांत पहिलं वाक्य सुचलं नाही असं झालं नव्हतं.

“पुंजाराम, तुझ्या अपघाताची ती बातमी...”

“म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तुमची हाय त्ये.” तो गाळणी झटकत होता. “जामिनावर सुटल्यावर पैलं पेपरच्या हापिसात गेल्तो, नगरला. तितल्या शिपायानं सांगितलं, कोपरगावचं मुळे लिवत्यात. मंग इतं आलो. तुमच्या दुकानाला लागून टपरी का टाकली, वाटलं तुमाला? स्टँडच्या आत जागा गावत हुती मला.”

मी बाकड्यावर बसलो.

“अकरा वर्षं रोज चहा दिलास. एकदाही बोलला नाहीस.”

“तुमी बोलाल म्हून,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, आज बोलतील. मानूस च्या पिताना बोलतो.”

एसटी आली, धुरळा उडाला, त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. मी विचारलं, अवसेला बोरवाडीला येऊ का? त्याने तिळगूळ तोंडात टाकला.

“येशीच्या आत तुमी जायचं. मी भाईर थांबन.”

१८ जानेवारी, रविवार. पौष अमावास्या

नगरच्या स्टँडवर, कोपरगावच्या गाडीची वाट बघत लिहितो आहे. गाडीला अवकाश आहे.

पहाटे निघालो. पुंजारामने इस्त्रीचा सदरा घातला होता. पाथर्डीच्या पुढच्या जीपमध्ये तो प्रत्येक वस्तीचं नाव मला सांगत होता, मी विचारत नसताना. बोरवाडी निम्मी रिकामी. कुलुपं. घरटी माणसं ऊसतोडीला गेलेली, आमच्याच बाजूला. वेशीजवळच्या लिंबाखाली तो थांबला आणि हाताने घर दाखवलं.

अजिनाथ ओट्यावर बसला होता. पन्नाशीतच साठीचा दिसणारा, गुडघे गेलेला. म्हणून आता तोडीला जात नाही. अंगणात चूल पेटलेली, पत्र्यावर कावळ्यासाठी पान ठेवलेलं, भात, वडा, थोडी खीर. आज घरात काहीतरी आहे एवढं मला कळलं. काय आहे ते कळायला पाहिजे होतं.

“मी मुळे. कोपरगावचा वार्ताहर.”

“लई उशीर केला,” तो म्हणाला.

मी म्हटलं, भीमाबाईंच्या बातमीचं बोलायचंय. तो आत गेला, खतांच्या गोणीतून काढलेली एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. पाच कात्रणं, पिवळी, घड्यांवर फाटलेली. “मला वाचाया येत न्हाई. तवा सरपंचानं वाचून दावलं. वाचा.”

पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याच्या मध्यावर त्याने हात वर केला.

“ह्ये तर त्येच हाय.”

“हो. पाचही तेच आहेत.” निकिताचं पान त्याच्या मांडीवर पसरलं. तो रंगावरून बोट फिरवत राहिला. “पाच माणसांनी लिहिलं नाही, अजिनाथराव. एकाने लिहिलं. मी. बाकीच्यांनी उतरवून घेतलं.”

“म्हंजी पेपर एकच.”

“एकच.”

“तुमी बगितलं हुतं का, पुंज्या पिला हुता त्ये?”

“नाही. मला फोन आला होता.”

त्याने पान बाजूला ठेवलं. “पैलं वाक्य परत वाचा.”

“रस्ता शुभ्र चांदण्यात न्हाऊन...”

“चांदनं?”

त्याने पत्र्यावरच्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आज काय हाय?”

शेकडो लोकांना मी पंचांग न उघडता तिथी सांगितली आहे. ही पण सांगितली. “अमावास्या.”

“तिची तिथ हाय आज. दरसाल पौषातल्या अवसेला पान ठिवतो मी तिला. चौदा वरसं.” आवाज चढला नव्हता. “सरपंचानं वाचलं तवा मला ‘दारू’ तेवढंच ऐकू आलं. चांदनं ऐकू आलंच न्हाई. डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं त्या राती. मी फडात बॅटरी घिऊन मोळ्या बांधत हुतो.” मग विचारलं, “तुमी कुठं हुता तवा?”

“घरी.”

“काय करत हुता?”

“जेवत होतो.”

त्याने मान हलवली, जसं काही एवढंच राहिलं होतं विचारायचं. ओट्याच्या खांबाला धरून उठला आणि वेशीकडे तोंड करून ओरडला, “पुंज्या! तितं काय उभाय झाडासारका? आदी म्हातारीकडं जा. मंग हिकडं ये, पान वाढलंय.”

लिंबाखालचा माणूस जागचा हलला नाही. मग एकदम हलला. चपला तिथेच राहिल्या.

मीही निघायला उठलो. अजिनाथ म्हणाला, “तुमी बसा. पेन हाय का?”

होतं. वार्ताहराकडे एवढं एक असतं.

त्याने पाचही कात्रणं ओट्यावर ओळीने मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा ठेवला. “ह्येच्यावर लिवा. चांदनं नव्हतं. मी बगितलं नव्हतं. पुंज्या पिलेला नव्हता. आन खाली नाव. पुरतं लिवा, बापाचं बी.”

मी लिहिलं. कागद जुना, शाई पसरत होती. सावकाश लिहावं लागलं. गल्लीच्या टोकाला एका म्हातारीचा आवाज चढला, रडते आहे की रागावते आहे ते कळेना, आणि पुंजारामचा त्याहून मोठा, “आय, मी हाय! मी!” तिला कमी ऐकू येतं.

मला जेवायला कुणी थांबवलं नाही. बरोबरच होतं.

सव्वीस वर्षं लिहितो आहे. त्या बातमीखाली आज पहिल्यांदा ‘राधाकृष्ण विनायक मुळे’ असं आलं. पाच पेपरांत.